नाक्यावरच्या रेघा

१

"आधी भिंग पूस, सुमती. डाग रक्तात आहे की काचेवर, हे ठरल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

मोडककाकांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. परळच्या इस्पितळातल्या त्यांच्या प्रयोगशाळेत सुमती आठल्ये शिकायला लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आता बावन्न. पण मायक्रोस्कोपपुढे बसलं की तो खर्जातला आवाज अजून कानामागून यायचा आणि हात आपोआप मलमलीच्या फडक्याकडे जायचा. पनवेलला डॉ. आभा प्रधानांच्या बारा खाटांच्या दवाखान्यात आल्यावर पहिली काही वर्षं ते फडकं आठवड्यातून एकदा धुतलं तरी चालायचं. अलीकडे रोज धुवावं लागे. झाकून ठेवलेल्या भिंगावरसुद्धा सकाळी काजळाची साय धरलेली असायची.

जानेवारी १९९५. पौषातली एकादशी. सुमतीनं नेमाप्रमाणे गच्चीवर जाऊन सूर्याला पाणी दिलं होतं, पण सूर्य कुठे आहे ते अंदाजानंच. महामार्गाच्या बाजूला धुरकट भिंत उभी होती. वारा असा नव्हताच. खाडीपुलावर पहाटे टँकर आडवा झाल्यामुळे गाड्या खोळंबल्या आहेत, एवढं दूधवाल्याकडून कळलं होतं.

पावणेआठला जिन्यात आरडाओरडा झाला. चौघा ट्रकवाल्यांनी एका माणसाला फळीवर घालून वर आणलं. साठीचा, रुंद हाडाचा. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात फळीवरून लोंबतोय, आणि कपाळापासून बोटांपर्यंत रक्तच रक्त.

"खून केलाय डॉक्टर, पुतण्यानं खून केलाय ह्याचा!" मागून धापा टाकत आलेला तरुण सांगत होता. "मी डोळ्यांनी बघितलं. हात रक्तानं माखलेले आणि सुसाट पळत सुटला होता. लोकांनी पकडला म्हणून, नाहीतर गेलाच होता."

"खून झालेली माणसं श्वास घेत नाहीत," आभाबाई म्हणाल्या. "बाजूला व्हा."

तरुणाचं नाव विश्वजीत. नवा रस्ता व्हायचा म्हणून महामार्गावर वाहनांची मोजणी चालू होती. तिचं कंत्राट घेतलेल्या कंपनीचा तो सुपरवायझर. फळीवरचा माणूस दाजी घरत, गव्हाणचा. मिठागर सुटल्यापासून मिळेल ते काम करायचा. सध्या नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून गाडीमागे एक रेघ ओढत होता. चार उभ्या, पाचवी त्यांना छेदून. झालं एक पंचक.

आभाबाईंनी पट्टीच्या ओल्या कापडानं रक्त पुसून काढलं. सुमती डाव्या दंडातून नमुना घेत होती. डावी बाही स्वच्छ होती. धुवट पांढरी, कडेला इस्त्रीची घडीसुद्धा शाबूत. आणि उजवीकडे, सगळं रक्त पुसून झाल्यावर, कपाळावर जखम निघाली ती तांदळाच्या दाण्याएवढी.

एवढ्याशा जखमेतून एवढं रक्त?

बादलीत टाकलेल्या कापडांतलं एक सुमतीनं चिमट्यानं उचललं आणि काचेच्या बशीत झाकून ठेवलं. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं.

२

फौजदार गुरुदत्त सामंत दहा वाजता आले. चहा नको म्हणाले आणि दोन कप प्यायले.

"सरळ केस आहे, डॉक्टर. काल संध्याकाळी त्या हरेशचं आणि दाजीचं नाक्यावर भांडण झालं. पोरगा सगळ्यांदेखत ओरडला, 'आता उठला नायस तर उचलून नेईन तुला.' आज सकाळी हा असा पडलेला, शेडमध्ये रक्तानं भरलेलं ब्लेड, आणि हरेश पळताना सापडला. अजून काय पाहिजे?"

"ब्लेडची जखम नाही अंगावर," आभाबाई म्हणाल्या. "कपाळाला खोक आहे, ती टेबलाच्या कडेचीही असेल."

"मग काठी मारली असेल. डोक्याला मार लागून अर्धांग होतं ना?"

"होतं. तसं मार न लागताही होतं. मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, ते स्कॅनशिवाय कळायचं नाही. स्कॅन मुंबईला. आजच्या खोळंब्यात त्याला तिकडे न्यायचं म्हणजे वाटेतच मारायचं."

"म्हणजे झटका आधी की मार आधी, हे तुम्ही सांगू शकत नाही."

"आत्ता नाही."

"मग मी माझ्या पद्धतीनं जातो. उद्या अकराला त्याला कोर्टात उभा करतोय. आज-उद्या म्हातारा गेला, तर कलम बदलेल. बिनजामिनाचं." सामंतांनी टोपी उचलली. "आणि एक गंमत. त्या शेडमधून कालपासूनचा मोजणीचा कागद गायब आहे. नुसत्या रेघांचा कागद! कुणाला काय करायचाय? झटापटीत फाटला असणार, दुसरं काय."

"हरेश काय म्हणतो?" सुमतीनं इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं.

"दोनच वाक्यं, आठल्येबाई. 'मी मारला नाय.' आणि 'काकीला घरी पाठवा.' बाकी तोंडाला कुलूप. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?"

काकी बाहेर बाकावर बसली होती. वेणू, दाजीची बायको. पन्नाशीपलीकडची, काटक. तिला मूलबाळ नव्हतं. हरेशला त्याची आई गेल्यापासून तिनंच वाढवला, असं ट्रकवाल्यांपैकी गावचा एक जण सांगून गेला होता. सुमतीनं तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"एकादस हाय," वेणू म्हणाली.

"मलाही आहे. पाणी चालतं."

"मना नाय चालत आज."

सुमती शेजारी टेकली. "कधी आलात नाक्यावर?"

"मी आले तवा लोक जमलेले."

थंडी अशी की वॉर्डातल्या नर्सनं स्वेटर घातला होता, आणि या बाईचा पदर खांद्यापर्यंत ओला होता. पाऊस नाही, पाणी नाही, गव्हाणहून आलेल्या बाईचा पदर भिजतो कसा? सुमतीची नजर तिच्या गळ्याकडे गेली. उन्हानं रापलेल्या कातडीवर बारीक उजळ वर्तुळ होतं. वर्षानुवर्षं काहीतरी गळ्यात असावं आणि आजच निघावं, तसं.

तुळशीची माळ. माळकरीण. आणि एकादशीच्या दिवशी गळा रिकामा.

सुमतीला ती काचेची बशी आठवली.

३

भिंग पुसलं. काच पुसली. कापडावरच्या डागाचा थेंबभर अंश सलाइनमध्ये भिजवून काचेवर पसरला आणि डोळा लावला.

माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मधे चेपलेल्या, बत्ताशासारख्या. तेहतीस वर्षं सुमती त्याच बघत आली होती. समोर काही तशा होत्याही, मोजक्या. पण बाकी सगळं क्षेत्र वेगळ्याच पेशींनी भरलेलं. लांबट, काकडीच्या बियांसारख्या, आणि प्रत्येकीच्या पोटात एक गडद ठिपका.

तिनं भिंग पुन्हा पुसलं. ठिपके जागचे हलले नाहीत.

"डॉक्टर, जरा येता?"

आभाबाईंनी पाहिलं. मान वर करून सुमतीकडे पाहिलं, पुन्हा भिंगात पाहिलं. "ह्याला केंद्र आहे."

"हो. हे पाखराचं रक्त आहे."

मग आभाबाई खुर्चीत मागे रेलल्या. "पारवा! गेल्या वर्षी तळोज्याकडची एक म्हातारी अशीच आणली होती. अंगावरून वारं गेलं की पारवा कापून त्याचं गरम रक्त त्या अंगाला चोळायचं, म्हणजे म्हणे अंगात ऊब येते. तासाच्या आत चोळलं तर उठतो म्हणतात. मी किती कानीकपाळी ओरडते..."

"कोणत्या अंगाला चोळतात?"

"गेलेल्याच. दुसऱ्याला कशाला?"

"ह्याच्या फक्त उजव्या अंगाला होतं. डावी बाही कोरी. वरून खाली, तेल लावतात तसे लांब हात फिरलेले. तोंड जिकडे ओघळलंय त्याच गालावर." सुमती सावकाश बोलत होती. "म्हणजे ज्यानं रक्त लावलं, त्याला कुठलं अंग लुळं पडलंय ते आधीच दिसत होतं. रक्त नंतरचं आहे. झटका आधीचा."

"मग फौजदारांना फोन करू? पोरगा सुटला!"

"नाही सुटला." सुमतीनं फडक्याची घडी घातली. "ते म्हणतील, आधी डोक्यात काठी घातली, मग घाबरला आणि पारवा कापला. रक्तावरून क्रम कळला, वेळ नाही कळली. दाजीला झटका किती वाजता आला, हे कुणीतरी सांगायला हवं."

"कोण सांगणार? त्याला तर वाचाच नाही."

"त्यानं लिहून ठेवलं असेल."

"रेघांशिवाय काही लिहीत नव्हता तो!"

"तेच म्हणते मी," सुमती म्हणाली. "तो कागद कुणी नेला, आणि का?"

४

नाक्यावर पोचायला पंधरा मिनिटांच्या जागी पाऊण तास लागला. ट्रक तसेच उभे होते, एकामागे एक, आणि इंजिन एकानंही बंद केलेलं नव्हतं. रांग हाताच्या अंतरानं सरकली की जागा जायला नको. रिक्षावाल्यानं तोंडाला रुमाल बांधला होता. कर्नाळ्याचा सुळका एरवी इथून हाताला लागेलसा दिसतो. आज तिथे नुसता मळकट पडदा.

शेड म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. दाजीच्या स्टुलावर नवा माणूस येऊन बसलासुद्धा होता आणि खोकत खोकत रेघा ओढत होता. टेबलाखाली स्टीलचे तीन डबे ओळीनं ठेवलेले. मागे पाण्याचा नळ. नळाखालच्या चिखलात दोन राखाडी पिसं चिकटली होती. पलीकडे बंद भातगिरणी आणि तिच्या वळचणीला पारव्यांची घुटुर्र-घूं.

"बाई, तुम्ही रक्त तपासा," विश्वजीत म्हणाला. "रस्ता आमच्याकडे राहू द्या की."

"तपासू हो. एवढंच सांगा, पाळ्या किती तासांच्या?"

"आठ-आठ तासांच्या. तीन माणसं. नियमच आहे तसा."

"दाजी कधी बसला होता?"

"काल रात्री दहाला."

सुमतीनं वाकून एक डबा उचलला. झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं, भांडीवाला कोरून देतो तसं: वेणू दाजी घरत, गव्हाण. दुसराही उचलला. तिसराही.

"तिन्ही डबे एका घरचे. रात्री दहाला येणाऱ्या माणसाला तीन जेवणं लागतात?"

विश्वजीतनं खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा आत ठेवला.

"काल सकाळचं, दुपारचं, रात्रीचं," सुमतीचा आवाज जराही चढला नव्हता. "आणायचा हरेश. म्हणून तर भांडण. 'आता उठला नायस तर उचलून नेईन.' हे मारण्याचं बोलणं नाही, विश्वजीत. दमलेल्या माणसाला घरी न्यायचं बोलणं आहे."

"बाकीचे दोघे तापानं झोपले, बाई! खोकून खोकून. सात दिवस सलग मोजणी हवी, एक तास तुटला तर पहिल्यापासून करायची. मी दाजीला म्हटलं, बस एवढी रात्र. तो स्वतः हो म्हणाला." त्याचा श्वास चढला होता. "मी त्याला हात नाही लावला. देवाशपथ."

"तसं मी म्हटलंच नाही. पण चोवीस तास एकाच हाताच्या रेघा कुणी पाहिल्या असत्या, तर पाळ्यांचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून तुम्ही सकाळी आधी कागद उचललात, आणि मग खून म्हणून ओरडलात. ओरडलात ते खरं वाटूनच, ते मी मानते. द्या तो."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग मोटारसायकलची सीट उचलली आणि खालून घडी घातलेला कागद काढून दिला.

"माझी नोकरी जाईल, बाई."

"त्या पोराचं आयुष्य जातंय," सुमती म्हणाली.

५

दवाखान्यात टेबलावर कागद पसरला तेव्हा सामंतही येऊन उभे राहिले होते. आभाबाईंनी फोनवर त्यांना एवढंच सांगितलं होतं, की तुमचा हरवलेला साक्षीदार सापडलाय.

तासागणिक एक आडवा रकाना. मध्यरात्रीपर्यंतच्या रेघा शिस्तीत, शाळेतल्या पोरांसारख्या ताठ. चारच्या रकान्यात रेघा विरळ झाल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं: 'गाड्या उब्या. इंजन चालू. डोला चुरचुर.' पाचच्या रकान्यात पहिली पाच-सहा पंचकं धड. मग उभ्या रेघा उजवीकडे कलायला लागल्या. मग छेदणारी रेघ छेदेचना, बाजूनंच जाऊ लागली. शेवटी एक लांब ओरखडा कागदाच्या कडेपर्यंत गेला होता. पुढचा सहाचा रकाना कोरा.

"पेन्सिल हातातून सुटली ती इथे," आभाबाईंनी बोट ठेवलं. "पाच आणि सहाच्या मधे. हात जाताना त्यानं स्वतःच नोंदवलाय."

"झोपेनंही रेघा वाकड्या होतात," सामंत म्हणाले.

"झोप आली तर रेघा फिक्या होतात, डुलकीनंतर पुन्हा सरळ येतात. ह्या एकदाही सावरल्या नाहीत." सुमतीनं विचारलं, "हरेश पाच ते सहा कुठे होता?"

सामंतांनी मिशीवरून हात फिरवला. हे त्यांनी सकाळीच विचारून ठेवलं होतं आणि त्यांना ते गैरसोयीचं वाटलं होतं. "एस्टी स्टँडवर. चार रिक्षावाले सांगतात. सहाच्या गव्हाण गाडीची वाट बघत होता."

"गव्हाणच्या गाडीनं कोण आलं?"

"ते नाही सांगत कुणी."

"धुरानं झालं असेल हे?" सामंतांनीच विचारलं, कागदाच्या समासातल्या ओळीवर बोट ठेवत.

आभाबाईंनी कपाटातून एक जाड वही काढली. "दोन हिवाळे मी हे टिपतेय. अर्धांगाचे एकेचाळीस पेशंट. त्यातले सव्वीस वारा पडलेल्या, धुराच्या दिवशी नाहीतर त्याच्या दुसऱ्या दिवशी आलेले. क्लीनर, पानवाला, नाक्यावरची भाजीवाली. धूर फुप्फुसात जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली अगदी बारीक काजळी तिथेच थांबत नाही, असा संशय परदेशातली डॉक्टर मंडळी घ्यायला लागलीत. रक्त दाटतं, शिरा आवळतात, रक्तदाब चढतो. दाजीला रक्तदाब होताच. अशा माणसाला मग एक वाईट रात्र पुरते. त्याच्या थुंकीत काय दिसलं, विचारा सुमतीताईंना."

"काजळ," सुमती म्हणाली. "पेशी काळ्या ठिक्कर."

"म्हणजे धुरानं पाडला, असं लिहू?"

"एकट्या दाजीबद्दल मी शपथेवर तसं सांगणार नाही. त्याचं वय आहे, रक्तदाब आहे, जागरण आहे. पण एकेचाळीस जणांबद्दल विचाराल, तर सांगेन की धुराचे दिवस धोका वाढवतात."

"एकेचाळीस फिर्यादी!" सामंत हसले, पण हसणं लगेच विझलं. "आणि आरोपी म्हणून कुणाचं नाव टाकू, डॉक्टर? वाऱ्याचं?" त्यांनी कागदाची घडी घातली. "हे बघा, मला पटतंय. पण कोर्टात पाखराचं रक्त, वाकड्या रेघा... सरकारी वकील हसेल. ते रक्त कुणी लावलं, हे सांगणारं तोंड आणा. उद्या अकराच्या आत. नाहीतर पोरगा आत जाईल, आणि मग बाहेर यायला महिने."

ते गेल्यावर आभाबाई म्हणाल्या, "तोंड कुठून आणणार?"

"बाहेर बाकावर बसलंय," सुमती म्हणाली. "पण ते आपलं आपण उघडायला हवं."

६

दिवे लागायच्या वेळी सुमती दोन पेले पाणी घेऊन गेली. एक स्वतः प्यायली. दुसरा बाकावर ठेवला.

"वेणूबाई, पारवा गिरणीच्या वळचणीतला ना?"

वेणूनं वर पाहिलं नाही. ती आपले तळवे पदराला पुसू लागली.

"हरेशनं सांगलान?"

"नाही. तो एक अक्षर बोललेला नाही. तुमच्या माळेसाठी पोरगा तुरुंगात जायला निघालाय."

तेव्हा वेणू बोलली. हळूहळू, थांबत, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. सहाच्या गाडीनं ती चहाची किटली घेऊन आली. हरेश तिला घेऊन नाक्यावर गेला. दाजी स्टुलाखाली पडलेला, टेबलाची कड कपाळाला लागलेली, तोंड वाकडं. बोलवेना. हात उचलावा तर मेल्या माशासारखा खाली पडे. रस्ता ट्रकांनी बंद, रिक्षा पलीकडे अडकलेली. हरेश म्हणाला, काकी, धावत जाऊन डॉक्टरला आणतो.

"मी म्हटला, थांब. आधी पारवा आन. माजा बापूस पारव्याच्या रगतानं उठला होता, आमच्या लहानपनी. एका तासात लावायला लागतं. पोर नको म्हनत होता. मीच त्याच्यावर कावले. त्यानं आनला. कापायला त्याचा हात वर होईना. मग पेन्शील तासायचा ब्लेड होता, तो मी घेतला." तिनं डोळे मिटले. "बाय, तेवीस वर्सं माळ हाय गल्यात. अंडा शिवले नाय. मुंगी दिसली तर पाय उचलून ठेवते. आनि एकादशीला मी त्या पाखराची मान... ऊनऊन होतं ते हातात. धडधडत होतं."

सुमतीनं पेला तिच्या बाजूला थोडा सरकवला.

"लावून झाला तवा हरेश डॉक्टरकडं पलाला. मी पारवा मातीत पुरला, नलावर हात धुवाया गेले. माळ काढली. त्या हातानं ती गल्यात कशी ठेवू? तेवढ्यात बोंब उठली, खून खून. हरेशला धरलेला. त्यानं माज्याकडं बघून नुसती मान हलवलान. बोलू नको, म्हनून." आवाज पहिल्यांदा फुटला. "बोलले तर गाव काय म्हनंल? माळकरीण हाय आनि... आनि मालकांना पन गुन आला नाय. त्या पारव्याचा जीव फुकट गेला. आमी उशीर केला म्हनून तर ते असे नाय ना झाले, बाय?"

हे सुमतीला एकटीला सांगणं शक्य नव्हतं. तिनं आभाबाईंना बोलावलं. आभाबाई बाकासमोर उकिडव्या बसल्या.

"खोटं नाही सांगत, वेणूताई. अर्धा-पाऊण तास गेला. पण तुम्ही पोचलात तेव्हा झटका येऊन गेलेला होता, आणि गुठळी असली, तरी ती विरघळवायचं औषध माझ्याकडे आजही नाही. लवकर आणलं असतं तरी मी हेच केलं असतं जे आता करतेय. तुमच्यामुळे झालं नाही हे. पण गावात सांगा, पुढच्या वेळी पारवा नको. आधी इथे."

वेणूनं मान हलवली. मग सुमतीकडे वळून म्हणाली, "फौजदाराला सांगंन मी. पन आधी माज्या बुवांना सांगायला पायजे. चिरनेरला असतात. त्यांनी घातली माळ. त्यांच्या आधी पोलिसाला सांगलं तर..."

"अकराच्या आत चिरनेरला जाऊन येणं होणार नाही."

"नाय होनार."

"मग उद्या पोलिसांना सांगा, आणि बुवांना त्यानंतर. आधी हरेश सुटायला हवा." सुमती थांबली. "बुवांकडे एकटी जाऊ नका. मी येईन."

"तू? तू कशाला येशील, बाय?"

"तुम्ही सांगाल तेव्हा शेजारी बसायला."

वेणूनं बाकावरचा पेला उचलला आणि एका दमात पाणी प्यायली.

७

वेणूचा जबाब सकाळी साडेनऊला झाला. सामंतांनी तो स्वतः लिहून घेतला आणि नळामागच्या खड्ड्यातून पुरलेला पारवा उकरून आणवला. अकरा वाजता कोर्टात उभं करण्याजोगं कुणी उरलं नाही. हरेश दवाखान्यात आला तो थेट काकीच्या पायाशी जाऊन बसला. ती त्याला म्हणाली, "केस बघ कसे वाढलेत, न्हावी मेलाय काय गावचा?" त्यापलीकडे त्या दोघांत काही बोलणं झालेलं कुणी ऐकलं नाही.

विश्वजीतला कंपनीनं दुसऱ्या नाक्यावर पाठवलं. मोजणी सात दिवस पुरी झाली. आभाबाईंनी एकेचाळीस जणांची यादी तारखांसकट तीन ठिकाणी पाठवली. एका ठिकाणाहून पत्र मिळाल्याची पोच आली. बेचाळिसावा पेशंट त्याच आठवड्यात दाखल झाला, पुलाजवळचा पंक्चरवाला, वय चव्वेचाळीस.

दाजी वाचला. पाय ओढत थोडं चालू लागला, हात हलला नाही. वाचा आली नाही. डाव्या हातानं तो चमचा धरायला शिकत होता आणि सांडलं की स्वतःवरच चिडत होता.

सामंत एकदा सहज म्हणून डोकावले. "केस बंद केली, आठल्येबाई. शेवटच्या ओळीत 'नैसर्गिक कारण' लिहावं लागलं. दुसरा रकानाच नाही हो फॉर्मात."

"नैसर्गिक?" सुमती म्हणाली.

"बरोबर नाही वाटलं मलाही." त्यांनी टोपी फिरवली. "पण लिहिलं."

पुढच्या गुरुवारी सुमतीनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

"त्या बुवांनी तिला बोल लावला तर?" आभाबाईंनी विचारलं. "गावासमोर माळ परत घेतली तर तुम्ही काय करणार? भांडणार?"

"मी कधी भांडलेय, डॉक्टर? बसणार आहे, एवढंच. मीच तिला म्हणाले होते, एकटी जाऊ नका."

"आणि बुवा म्हणाले, ही कोण?"

"सांगेन, पाणी पाजणारी."

तिनं पिशवीत दोन केळी आणि पाण्याची बाटली टाकली, नर्सला सांगितलं की संध्याकाळचे नमुने झाकून ठेव, आणि मागच्या जिन्यानं उतरली. एस्टी स्टँडवर उरणकडची गाडी लागलेली होती. वेणू अजून आलेली नव्हती. सुमती चढली, खिडकीजवळची जागा मोकळी सोडून तिच्या शेजारी बसली, आणि कंडक्टर जवळ येताच म्हणाली, "चिरनेर. दोन द्या."